राशीवरचा पहिला शब्द

माझे थोरले बंधू हौशीराम यांची वाचा गेली, तेव्हा मढच्या शिवारात भाताची लावणी नुकतीच आटोपली होती. ती वाचा परत मिळवून देण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले, आणि आरंभी तरी मला ते दुरुस्तीचेच काम वाटले. माझे शिक्षण पुण्याच्या तंत्रनिकेतनात झाले आणि पुढची सारी नोकरी ओतशाळेत, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतण्याच्या कामात गेली. बंद पडलेली वस्तू आधी सुटी करावी, भाग तपासावेत, नादुरुस्त भाग बदलावा आणि पुन्हा जोडावी, या पद्धतीने मला आयुष्यात क्वचितच दगा दिला होता.

दादाला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने पुढे सरकू लागला, हात मात्र तसाच राहिला. बोलणे गेले. समजत सर्व होते. नारायणगावच्या दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या प्रतिभाताई म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला चित्रांची पत्ती दिली. पाण्याचा तांब्या, भाकरी, खाट, गाय. एकेक चित्र दाखवायचे, नाव विचारायचे. मी ओतूरला राहतो. सकाळच्या एसटीने मढला जायचे, पडवीत दादासमोर पत्ती मांडायची आणि दिवस कलला की परतायचे, असा माझा क्रम ठरला.

दादा तांब्याच्या चित्राकडे पाही. ओठ हलत. कपाळावर घाम येई. शेवटी डावा हात हवेत उडवून तो मान फिरवी.

"भावजी, पुरे आता," साळुवहिनी आतून म्हणत. "तांब्या म्हणता येत न्हाई म्हनून काय तहानलेले ऱ्हायचेत व्हय? मी हाय की द्यायला."

पण एके दिवशी, निराश होऊन पिशवी उचलताना मी सवयीने म्हटले, "येतो दादा."

आणि दादा म्हणाला, "या."

स्पष्ट. न अडखळता. त्याच्या जुन्या, किंचित घोगऱ्या आवाजात. मी पायरीवर थबकलो. वळून म्हटले, "काय म्हणालास? पुन्हा म्हण." त्याचे ओठ पुन्हा हलू लागले, कपाळावर पुन्हा घाम आला, आणि काहीच उमटले नाही.

त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी बसून मी रस्त्यालगतच्या धरणाच्या पाण्याकडे पाहत राहिलो. आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि घरातला माणूस निघणाऱ्याला "या" म्हणून निरोप देतो. शब्दाशब्दाचा अर्थ लावू गेले, तर पाठमोऱ्या माणसाला आपण जवळ बोलावत असतो. आयुष्यभर हे बोलत आलो होतो, पण ते उघडून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. तांब्या हा शब्द ज्या माणसाच्या हाती लागत नाही, त्याच्या तोंडून एवढा गुंतागुंतीचा शिष्टाचार अचूक वेळी आला कसा?

यानंतर मी पत्ती बाजूला ठेवली आणि दादाजवळ काय शिल्लक आहे ते पाहू लागलो. दारात माणूस आला की तो म्हणे, "या, बसा." कोणी तब्येत विचारली की, "चाललंय आपलं." कोणी आणलेली फळे वहिनींच्या हाती दिली की, "कशाला एवढं?" ही वाक्ये सबंधच्या सबंध येत. त्यांतला एखादा शब्द सुटा मागितला, तर मिळत नसे.

यातून गमती होत. शेजारचे गेणभाऊ समाचाराला आले. त्यांच्याकडे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि धान्याचा वजनकाटा आहे, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीविषयी मत आहे. दादाने त्यांना "या, बसा" म्हटले. "कसं काय, हौशाभाऊ?" याला "चाललंय आपलं" म्हटले.

गेणभाऊ माझ्याकडे वळले. "अवो इंजिनेर, कोन म्हनतं ह्यांची वाचा गेली? ह्यो गडी तर माझ्यापरीस नीट बोलतोय! हौशाभाऊ, औंदा वरच्या खाचरात कुठलं भात टाकलंय?"

दादाने डावा हात उचलून वरच्या खाचराच्या दिशेला नेला आणि तिथेच अधांतरी ठेवला. गेणभाऊंचे हसू हळूहळू मावळले. मग ते उगाचच चहा फार गोड झाल्याचे सांगू लागले.

मला तपासून पाहण्याची खोड आहे. एकदा दादाने मला "या, बसा" म्हटल्यावर मी उठलो, अंगणात गेलो आणि पुन्हा आत आलो. हेतू असा की, दाब दिला की तेच वाक्य पुन्हा उमटते का, ते पाहावे. दादाने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिले. मग वहिनींकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर एवढेच होते की, धाकट्याचे डोके फिरले काय?

वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "भावजी, त्ये आजारी हायेत, खुळे न्हाईत!"

मीही हसलो, पण मनातून हादरलो होतो. खोट्या येण्याला तो खरे "या" देत नव्हता. मला वाटले होते की ही वाक्ये यंत्रासारखी उरली आहेत, कळ दाबली की वाजणारी. तसे नव्हते. ती जिवंत होती आणि प्रसंग ओळखत होती. ओतशाळेत आम्ही दोन प्रकारच्या वस्तू हाताळत असू: नट-बोल्टांनी जोडलेल्या आणि एकसंध ओतलेल्या. जोडलेली वस्तू सांध्यांत सुटते. ओतीव वस्तूला सांधाच नसतो. ती राहते तेव्हा अखंड राहते. माणसाची काही वाक्ये आपण दर वेळी शब्द जुळवून तयार करतो, आणि काही कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी ओतली गेली आहेत. दादाच्या डोक्यातला जोडकामाचा विभाग उद्ध्वस्त झाला होता. ओतीव माल मात्र जागच्या जागी होता.

प्रतिभाताईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "असं होतं, काका. आकड्यांची मोजणीसुद्धा कधीकधी अशीच सलग येते. करून पाहा."

या सूचनेने मला उभारी आली, कारण मोजणी हे दादाचे काम होते. आमच्या घरात भाताची रास मोजायला तोच बसे. वडिलांनंतर दुसऱ्या कोणाच्या हाती माप गेले नव्हते. पुढे गावात वजनकाटे आले, भात किलोवर विकले जाऊ लागले, तरी आमच्या खळ्यावर आधी माप फिरायचे आणि मगच पोती काट्यावर चढायची.

आणि दिवाळी उलटून गेली होती. खाचरे पिवळी झाली होती. रास पडणार होती. वहिनींच्या मनात काय चालले आहे ते मला ठाऊक होते. पुतण्या ऋषी चाकणला कारखान्यात असतो. त्याने फोनवर सरळ सांगितले होते की, आई, या वर्षी गेणूकाकांचा काटा लाव आणि मोकळी हो. त्यावर वहिनींनी जे उत्तर दिले, ते मी ऐकले होते.

"काट्यावर बोजा चढंल रं, पर राशीला कोन बसंल? दुसरं कोन बसलं की झालं. मंग तुझा बा घरात हाय आन् न्हाई, सारखंच. त्येंचं बोलनं गेलं त्ये मी सोसलं. त्येंची जागा मी जाऊ द्यायची न्हाई."

मापाला बसणे म्हणजे केवळ हात चालवणे नव्हे. प्रत्येक मापाची मोजणी बसणाऱ्यानेच मोठ्याने म्हणायची असते. मुका माणूस राशीला बसू शकत नाही. म्हणजे दादाची जागा त्याच्या मोजण्यावर अवलंबून होती, आणि ते मोजणे आणून देण्याचे काम माझ्याकडे आले होते.

मी तयारी नीट केली. पडवीत परात मांडली, तिच्यात मागच्या वर्षीचे भात ओतले. पायलीचे माप डाव्या हाताला जड होईल म्हणून त्याच्या निम्मी अधोली घेतली; ती लोखंडी, काठ झिजलेली, आमच्या आजोबांच्या वेळची. वहिनी ओढ्यावर गेल्या होत्या. ऋषीची बायको, सूनबाई मंगल, परात धरून बसली. ही मंचरची मुलगी, बाजारपेठेत वाढलेली. मोठी चलाख आणि मनाने प्रेमळ.

अधोली पाहून दादाचे डोळे चमकले. त्याने ती डाव्या हातात घेतली, परातीत खुपसली, वर शीग येईपर्यंत भरली. हात सरावाचा होता.

मी म्हणालो, "दादा, माझ्याबरोबर म्हण. एक."

दादाचा हात थांबला.

"एक," मी पुन्हा म्हटले. "म्हण. एक."

"मामंजी, म्हना की," मंगल गोड आवाजात म्हणाली. "ए… क. एक!"

दादाने अधोली खाली ठेवली आणि तिच्या तोंडावर आपला डावा तळवा पालथा घातला. घट्ट. मी तो हात अलगद सोडवू पाहिला, तर त्याने माझ्याकडे रागाने पाहिले. आम्ही दोघांनी आणखी दोन-तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी "एक" म्हटले की तळवा अधिक घट्ट बसे. शेवटी त्याने अधोली छातीशी ओढून घेतली आणि पाठ फिरवली.

वहिनी ओढ्यावरून आल्या, तेव्हा मंगलने डोळे पुसत सांगितले, "आत्याबाई, मोजनीबी न्हाई येत त्यांना."

वहिनींनी धुण्याची बादली खाली ठेवली. बराच वेळ त्या दादाकडे पाहत राहिल्या. मग कपडे दोरीवर टाकू लागल्या.

दोन आठवड्यांत भाताची कापणी झाली, पेंढ्या झोडून झाल्या, आणि खळ्यावर रास पडली. त्याच सुमारास आभाळ बदलले. माळशेजच्या बाजूने ढग चढू लागले, हवेत नको तेव्हाचा ओलावा आला. रास ताडपत्रीखाली झाकून ठेवली, पण असे भात किती दिवस ठेवणार? खालून वाफ धरते, मोड येतात. गावातले प्रत्येक खळे घाईघाईने रिकामे होत होते.

अशाच एका सकाळी मी एसटीतून उतरलो, तेव्हा गेणभाऊ ट्रॉलीत काटा घालून आमच्या खळ्यावर हजर होते.

"ह्ये बघा इंजिनेर, तुमीच समजवा वहिनीला," ते म्हणाले. "पोतं भरायचं, काट्यावर टाकायचं, आकडा लाल दिव्यात दिसतोय. कुनी बोलायची गरजच न्हाई. मुक्या मानसासाठीच काडलंय जनू ह्ये मशीन!"

बोलून गेल्यावर त्यांचे त्यांनाच कसेसे झाले. "म्हंजी… तसं न्हाई म्हनायचं मला."

"तसंच म्हनायचं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "असू द्या. काटा राहू द्या हितं, पोती भरली की घ्या वजनं. पर माप आदी फिरंल."

"कोन फिरवनार?"

वहिनी घरात गेल्या आणि दादाचा लुळा उजवा हात खांद्यावर घेऊन, काठीच्या आधाराने त्याला खळ्याकडे घेऊन आल्या. त्याच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि डोक्याला पांढरी टोपी. म्हणजे हे त्यांनी रात्रीच ठरवले असणार.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी पडवीत जमलं नाही. चारचौघांत पुन्हा तसंच झालं, तर त्याच्या जिवाला फार लागेल."

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "घरात बसवून ठिवला तर लागनार न्हाई व्हय? हितं बसून न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पर मी बसवलं न्हाई, असं नको."

दादाने खळ्याच्या कडेला पायांतून वहाणा काढल्या. शेणाने सारवलेल्या भूमीला डाव्या हाताने स्पर्श केला आणि हात कपाळाला लावला. राशीसमोर घोंगडी टाकली होती. तिच्यावर त्याला बसवले. वहिनींनी राशीला हळद-कुंकू वाहिले, उदबत्ती लावली, नारळ वाढवला. हाही आपला एक शब्द: नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. सुवासिनीची बांगडी फुटत नाही, वाढते. हे सारे मला लहानपणापासून पाठ होते आणि तरीही त्या घटकेपर्यंत मी त्यातले काहीच ऐकले नव्हते.

मंगलने पोत्याचे तोंड पसरून धरले. दादाने अधोली राशीत खुपसली. शीग लावून भरली. हात मध्येच थांबला. ढगांकडे पाहून गेणभाऊंना धीर धरवेना.

"हां, हौशाभाऊ! म्हना. एक! एऽक!"

दादाने अधोली खाली ठेवली आणि तिच्या तोंडावर डावा तळवा पालथा घातला.

तीच कृती. तोच हात. मंगलने मान खाली घातली. आणि तेवढ्यात वहिनी कडाडल्या.

"गेणभाऊ! जीभ आवरा! राशीवर एक म्हनत्यात व्हय कुनी? काट्याच्या नादानं रीतभात इसरला का?"

गेणभाऊंनी जीभ चावली. "आरं देवा… चुकलो, चुकलो." आणि त्यांनी खरोखरच दोन्ही कान पकडले.

मी मात्र जागच्या जागी उभा होतो आणि मला आमची आई दिसत होती. याच खळ्यावर, याच बाजूला बसलेली. आम्ही मुले राशीभोवती बडबड करू लागलो की ती मापाच्या तोंडावर तळवा ठेवी आणि म्हणे, "गप ऱ्हावा. रास बिचकती." धान्याला ऐकू येते, असे ती मानत असे. त्याच्या कानी उणे शब्द पडू द्यायचे नाहीत. म्हणून राशीवर पहिल्या मापाला कोणी "एक" म्हणत नाही. एक म्हटले की मर्यादा पडली, एकावर थांबली. पहिल्या मापाला म्हणायचे "लाभ". मग दोन, मग तीन.

हे मला माहीत होते. पण पडवीत बसलो तेव्हा माझ्या समोर रास नव्हती, आकड्यांचा सराव होता. आणि आकड्यांचा आरंभ एकापासून होतो. दादासमोर मात्र भात होते. परातीतले का होईना, पण भात होते, आणि आजोबांची अधोली होती, आणि मी तिच्या तोंडाशी वाकून पुन्हा पुन्हा "एक" म्हणत होतो. आम्ही समजलो की त्याला मोजता येत नाही. तो तर आमच्या शब्दापासून धान्य झाकत होता. ज्याला स्वतःच्या मुलाचे नाव उच्चारता येत नाही, त्याने जिवापाड काय सांभाळले होते, तर काय बोलायचे नाही, हे.

वहिनी माझ्याजवळ आल्या. "भावजी, तुमी त्या दिशी पडवीत काय म्हनला व्हता?"

"एक," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कपाळावर हात मारला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते रागापेक्षा फार वेगळे होते. त्या दादाच्या समोर उकिडव्या बसल्या, त्याच्या पालथ्या तळव्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "न्हाई म्हननार आता कुनी. उगडा."

मग त्या उठल्या आणि ओठांवर बोट ठेवून आम्हा सर्वांकडे पाहिले.

राशीला माप लागल्यावर मोजणाऱ्याखेरीज कोणी बोलायचे नाही, अशीही रीत आहे. इतके महिने दादाच्या भोवती आम्ही सारखे बोलत आलो होतो. म्हण, म्हणा, सांग, असा आमचा मारा चालू होता. त्या क्षणी पहिल्यांदा सगळे थांबले. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. दूरवर कोणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडली. वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा फडफडला.

दादाने तळवा उचलला. अधोली भरलेलीच होती. तरी त्याने ती पुन्हा राशीत टेकवली, वरून मूठभर भात घालून शीग नीट केली. उचलताना अधोली एका बाजूला कलली. मला पुढे व्हावेसे वाटले, मी झालो नाही. त्याने अधोली पोत्याच्या तोंडाशी नेली आणि तिरकी केली. भात सळसळत आत गेले.

"लाभ," दादा म्हणाला.

मंगलच्या हातातले पोते हलले. अधोली परत राशीकडे गेली होती.

"दोन."

तो आवाज पडवीतला नव्हता. मोजणीला एक चाल असते, ती वडिलांच्या आवाजात मी ऐकली होती. शब्द जरासा ओढून, माप रिकामे होईतो हवेत धरून ठेवायचा. दादा त्याच चालीवर म्हणत होता. "तीऽन." "चाऽर." त्याच्या कपाळावर घाम नव्हता. ओठ शोधत नव्हते. प्रत्येक शब्द मागच्या शब्दाचे बोट धरून येत होता. तो खालून, फार जुन्या जागेवरून येत होता, आणि तिथपर्यंत झटक्याचा हात पोहोचला नव्हता.

आम्हाला ओरडावेसे वाटत होते आणि बोलायला बंदी होती. वहिनी पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या होत्या. मंगलचे डोळे वाहत होते, पण हात पोत्याला अडकलेले. तिने गाल खांद्याला पुसला. गेणभाऊंनी टोपी काढून छातीशी धरली होती, आणि मला वाटते, त्यांना त्याचे भान नव्हते. मी यंत्रे बंद पडलेली पाहिली आहेत आणि सुरू झालेलीही. पहिल्यांदा भट्टीतून पांढरे लोखंड धार धरून बाहेर येताना पाहिले, तेव्हा मी विद्यार्थी होतो, आणि नकळत हात जोडले होते. त्यानंतर तसे हात जुळले ते त्या खळ्यावर.

पोते भरले की मोजणी नव्याने सुरू होते. दुसऱ्या पोत्याच्या तोंडाशी अधोली गेली, तेव्हा मी श्वास रोखून धरला. दुसऱ्यांदा येईल का?

"लाभ," दादा म्हणाला, आणि या वेळी वहिनींकडे पाहून म्हणाला.

डावा हात थकला की तो थांबे, अधोली मांडीवर घेई, आणि आम्ही थांबत असू. कोणी घाई केली नाही. गेणभाऊसुद्धा ढगांकडे पाहायचे विसरले. दुपार कलेपर्यंत रास खाली आली. शेवटचे माप संपूर्ण भरत नाही. ते तसेच खळ्यावर पाखरांसाठी सोडायचे, आणि "संपले" हा शब्द उच्चारायचा नाही. दादाने उरलेल्या दाण्यांवरून तळवा फिरवला. मग त्याने त्यांच्याकडे पाहून शांतपणे म्हटले, "या."

खळे मोकळे झाले आणि बंदी उठली. पहिले बोलले अर्थातच गेणभाऊ.

"हौशाभाऊ, म्या काटा घरी नेतो. उद्या आनतो. आज तुमच्या मापावर काटा चडवायचा म्हंजी… बरं न्हाई दिसत."

"कशाला एवढं?" दादा म्हणाला.

गेणभाऊ मोठ्याने हसले, आणि मग सगळेच हसलो. दादाही, त्याच्या तिरक्या झालेल्या ओठांनी.

हे सांगून ठेवले पाहिजे की दादा बरा झाला नाही. संध्याकाळी घरात आल्यावर मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला आणि विचारले, हे काय? त्याचे ओठ हलले, घाम आला, हात उडाला. राशीवरची मोजणी घरात आली नाही. ती तिथली होती. मला मात्र आता ते कोडे वाटत नव्हते आणि दुःखही पूर्वीसारखे नव्हते. माणसाने बोलावे म्हणून आपण त्याच्यापुढे वस्तू मांडतो. त्याला हवी असते ती जागा.

वहिनींनी भाकऱ्या टाकल्या. जेवताना त्या दोनदा उठून उगाचच ओटीवर रचलेल्या पोत्यांकडे पाहून आल्या. मंगलने ऋषीला फोन लावला आणि त्याला सांगताना तिला शब्द सापडेनात, शेवटी ती एवढेच म्हणाली, "मामंजी राशीला बसले. हो. तेच. दुसरं कोन?" पलीकडून तो पुन्हा पुन्हा तेच विचारत असावा, कारण ती नुसती "हं… हं" करीत राहिली.

शेवटच्या एसटीची वेळ झाली. मी पिशवी उचलली, तेव्हा दादाने काठीने पोत्याकडे खूण केली. नव्या राशीतले माप भावाच्या घरी गेले पाहिजे, ही आमच्या वडिलांची रीत. पुढच्या सालाला बी म्हणून किंवा गिरणीवर नेऊन पहिला भात म्हणून. दरवर्षी दादा ते स्वतः माझ्या पिशवीत घाली. त्याने अधोली भरली, मी पिशवीचे तोंड उघडले. भात सळसळत आत पडले.

"लाभ," दादा म्हणाला.

इथे घेणाऱ्याने उत्तर द्यायचे असते. "वाढता राहो," एवढे दोनच शब्द. मी ते इतक्या वर्षांत कितीदा म्हटले आहेत, विचार न करता, एसटीकडे एक डोळा ठेवून. आज तोंड उघडले आणि काहीच आले नाही. शब्द कुठे आहेत ते मला ठाऊक होते, पण ते वर येईनात. मी नुसता ओठ हलवीत उभा राहिलो.

दादाने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले. त्याने "म्हण" म्हणून खूण केली नाही, पुढचा शब्द सुचवला नाही. अधोली मांडीवर ठेवून तो स्वस्थ बसला आणि वाट पाहू लागला. रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला, मंगल दारातून म्हणाली, "काका, गाडी!" आणि दादाने डावा हात वर करून तिला थांबवले.

"वाढता राहो," मी शेवटी म्हणालो.

त्याने मान डोलावली.

"येतो दादा."

"या," तो म्हणाला.